एक वाक्य कोठवर?

यजुर्वेदातील यजुस् म्हटले जाणारे मंत्र गद्यात असल्याने छंदाच्या आधारे त्यांचा शेवट ठरत नाही. म्हणून एक यजुस् कोठवर मानावे हा प्रश्न जैमिनींच्या मीमांसासूत्रांपुढे उभा राहिला, आणि जी पदे मिळून एकच प्रयोजन सांगतात व विभागली असता ज्यांच्यात आकांक्षा, म्हणजे उरलेल्या पदांची अपेक्षा, शिल्लक राहते ती एक वाक्य होत, असा निर्णय दुसऱ्या अध्यायात दिला गेला. संगणकांच्या जाळ्यावर हाच प्रश्न नव्याने उभा राहतो. टीसीपी हा वहनाचा नियमसंच बाइटांचा सलग प्रवाह पोहोचवतो, संदेशाची सीमा सांगत नाही. शिवाय एक्सएमएल या खुणाबद्ध लेखनपद्धतीत मूळ घटक मिटल्यावरही टिपा येऊ शकतात, त्यामुळे दस्तऐवज खरोखर संपला की नाही, हे प्रवाह थांबेपर्यंत निश्चित होत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक्सएमपीपी या एक्सएमएलवर आधारलेल्या संदेशवहनाच्या नियमसंचाने मूळ घटक संभाषणभर उघडा ठेवून थेट त्याच्या पोटातील प्रत्येक पूर्ण घटकाला एक संदेश मानले. वारकऱ्यांना ही रीत परकी वाटू नये, कारण भजन चालूच असते, आणि शेवटच्या चरणात नामदेवांची किंवा तुकोबांची नाममुद्रा आली की एक अभंग पुरा होतो. प्रत्येक संदेशाची लांबी आधीच सांगून प्रवाहाचे तुकडे पाडणे व्यवहारात सोपे आहे, परंतु तो उपाय अर्थाविषयी काहीच बोलत नाही. जैमिनींची कसोटीच अधिक मूलगामी मानली पाहिजे.