अक्षराच्या वर-खालची जागा

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, नुकत्याच फलाटाला लागलेल्या एखाद्या एस.टी.समोर उभे राहा. बाहेरगावाहून आलेल्या गाडीच्या काचेआड पाटी असेल आणि पाटीवर गावाचं नाव असेल: कोल्हापूर.

हा शब्द तुम्ही वाचूनही टाकला. डोळे इतके सरावलेले असतात की ओळखीच्या शब्दापाशी ते थांबत नाहीत. आता तोच शब्द पुन्हा पाहा, पण या वेळी वाचू नका. अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा, या नावासोबत मनात येणारं सगळं घटकाभर बाजूला ठेवा. मग फक्त रेघा उरतील. त्यांच्यापाशी थांबा.

सगळ्यात आधी आडवी रेघ, शिरोरेषा. नजर तिच्या डाव्या टोकावर ठेवा आणि सावकाश उजवीकडे न्या. कुठे तुटते का? कुठे जाड-बारीक होते का? शाळेत आपण अक्षरं आधी काढली आणि रेघ शेवटी ओढली. मोडी लिहिणारा कारकून याच्या उलट करायचा. तो कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आधी रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचा. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातले करवीर दरबाराचे मोडी कागद पाहायला मिळाले, तर मजकुराच्या आधी ही रेघच पाहा. शब्द संपला म्हणून ती थांबत नाही. खिद्रापूरला कोपेश्वराच्या मंदिरात दक्षिण दाराशी यादव राजा सिंघणाचा शके ११३६चा नागरी लेख आहे. त्या काळच्या शिलालेखांतही अक्षरांमागून अक्षरं सलग चालतात. दोन शब्दांमधली कोरी जागा आपल्याला जन्मजात वाटते, पण तिची पक्की सवय आपल्या डोळ्यांना छापखान्याने लावली.

रोमन अक्षरं खालच्या अदृश्य रेषेवर उभी असतात. आपली अक्षरं वरच्या दिसणाऱ्या रेषेला धरून खाली येतात. हा फरक मनात थोडा वेळ राहू द्या. कारण मराठी आणि इंग्रजी एकाच पाटीवर आली की सगळी अडचण इथून सुरू होते. संगणकात दोन्हींना आकाराचा एकच आकडा दिला म्हणून दोन्ही डोळ्यांना सारखी दिसत नाहीत. बहुतेक वेळा मराठी आक्रसलेली वाटते. मग ती नजरेने मोठी करावी लागते, आणि किती मोठी ते नजरच सांगते.

आता खाली या. पहिलं अक्षर क. मधल्या दंडाच्या डावीकडे एक बंद पोट आहे, उजवीकडे एक उघडा बाक. काळ्या रेघेकडे पाहणं सोडा आणि त्या पोटातल्या पांढऱ्या जागेकडे पाहा. ती गोल आहे की बदामी? आता ‘पू’मधल्या प कडे या. त्याचं पोट वरून शिरोरेषेने, उजवीकडून दंडाने आणि डावीकडून व खालून बाकाने बंद केलेलं आहे. ‘र’ला पोट जवळजवळ नाहीच, म्हणून त्याच्याभोवती पांढरं जास्त साचतं. शब्दाच्या शेवटी तो थोडा सुटा वाटतो तो त्यामुळेच. अक्षर कोरणारा माणूस या पांढऱ्या जागाही कोरतो. अक्षरजुळणीची पहिली पायरी मला विचाराल तर हीच आहे: पांढरं दिसायला लागणं. ते एकदा दिसू लागलं की जाड ठशात ‘ण’, ‘ख’, ‘क्ष’ का बुजतात, हे कोणी शिकवावं लागत नाही.

हे पांढरं जुन्या छापील पानातही पाहता येतं. मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ मध्ये अक्षरांची ओतशाळा काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू हे त्यांच्यासाठी ठसे कोरत. निर्णयसागरची जुनी संस्कृत पोथी किंवा मराठी पुस्तक हाती आलं, तर एखादं पान डोळ्यांपासून दूर धरा, शब्द कळेनासे होईपर्यंत. पानाचा एकसारखा करडा रंग दिसेल. कुठे काळा डाग नाही, कुठे भोक नाही. पोलादात उलटं अक्षर कोरणाऱ्या हाताने किती प्रकारचं पांढरं सांभाळलं असेल, याचा विचार करत ते पान थोडा वेळ तसंच धरून ठेवा.

पुन्हा पाटीकडे या. ‘ल्हा’मधला ल अर्धा आहे, ह ला चिकटलेला. पूर्ण ल पाहायचा तर शेजारच्या गडहिंग्लजच्या गाडीकडे वळा. तो दोन पाकळ्यांचा आहे, की उजवीकडे उभा दंड असलेला? मराठी हाताचा ल पाकळ्यांचा. दंडाचा ल हिंदी छपाईत रुळलेला आहे आणि संगणकातल्या अनेक फॉन्टांनी तोच घेतला. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात ल आणि श यांची मराठी रूपं ठरवून दिली. युनिकोडमध्ये दोन्ही ल एकाच क्रमांकाचे असल्यामुळे कुठला ल दिसणार ते फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं की पाकळ्या उमलतात. एवढं एक बटण दाबायचं राहून जातं आणि आपल्याच गावच्या पाट्यांवर परकं वळण येऊन बसतं. मला हे फार लागतं. आजोबांच्या पत्रातला ल नातवाला ओळखता यावा, इतकीच अपेक्षा आहे.

आता सावकाश श्वास घ्या आणि नजर शिरोरेषेच्या वर न्या. ‘को’ची मात्रा तिथे आहे. मग नजर अगदी खाली आणा. ‘पू’चा दीर्घ उकार तिथे आहे. एका शब्दात तीन मजले झाले: वर मात्रा, वेलांटीचा बाक, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षरांचं शरीर, खाली ऱ्हस्व-दीर्घ उकार. मुंबईच्या जुन्या ‘डिग्री’ पद्धतीत हे तीन मजले छपाईच्या वेगवेगळ्या खिळ्यांनी जुळवावे लागत. एका छापील ओळीसाठी जुळारी प्रत्यक्षात तीन ओळी रचायचा. वरच्या ओळीत मात्रा नेमक्या अक्षरावर यावी म्हणून मोकळ्या जागेचेही खिळे मोजून भरायचा. आता डोळे मिटा आणि त्याचा हात मनात आणा. खिळ्यांच्या केसमधल्या शेकडो खणांपैकी हवा तो खण न पाहता शोधणारी बोटं. ‘को’साठी क, काना आणि वरची मात्रा. ‘पू’साठी प आणि खाली उकार. त्या माणसाला मराठीची उंची बोटांनी ठाऊक होती. बापूराव नाईकांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांचा तीन खंडांत अभ्यास मांडला आणि भाषा संचालनालयाने तो १९७१ मध्ये काढला. ते खंड चाळताना जाणवतं, की खिळ्यांच्या काळातली जवळजवळ सगळी धडपड या तीन मजल्यांशीच होती.

डोळे उघडा. आज खिळे नाहीत, मजले मात्र तेच आहेत. म्हणून मराठी मजकुराला ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. वरच्या ओळीत ‘कोल्हापूर’ असावं, आणि त्याच्या बरोबर खाली ‘सर्वांनी’ यावं. ‘पू’चा उकार खाली उतरतो, ‘र्वां’चा रफार आणि अनुस्वार वर चढतात. मध्ये जागा नसेल तर एकमेकांत घुसतात आणि वाचणारा अडखळतो, का अडखळलो हे न कळता. लग्नपत्रिका, पतसंस्थेचा अहवाल, तालमीच्या उत्सवाचं पत्रक, यांतलं हाताशी असेल ते घ्या आणि अशी एक जागा शोधा. सापडली की बोट तिथे ठेवा. ओळ किती खाली सरकली असती तर दोघांना आपापलं उभं राहता आलं असतं, ते बोटानेच अजमावा.

कोल्हापूरला कुंचल्याच्या अक्षराचीही मोठी परंपरा आहे. बाबुराव मेस्त्री नाटकाचे पडदे रंगवता रंगवता बाबुराव पेंटर झाले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० मध्ये आला. त्यांच्याच ‘कल्याण खजिना’चं १९२४चं पोस्टर हे भारतातल्या टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या चित्रपट-पोस्टरांपैकी मानलं जातं. पुढे गल्लोगल्ली पाट्या रंगवणारे पेंटर झाले. जागा अपुरी पडली तर ते अक्षर नव्याने बांधत. उकार आखूड करत, काना जवळ घेत, पण दंडाची जाडी मोडू देत नसत. फ्लेक्सवर आता अक्षर कोपऱ्याला धरून ताणलं जातं. ताणलेलं अक्षर एकदा थांबून पाहा. उभे दंड फुगलेले, शिरोरेषा होती तशीच बारीक, पोटं चपटी. आडवं-उभं यांचं नातं तुटलेलं असतं. जागा भरायची असेल तर रुंद घडणीचा फॉन्ट निवडावा, किंवा अक्षर मोठं करून शब्द कमी करावेत. ताणू मात्र नये. या एका बाबतीत मी हट्टी आहे.

जाता जाता एमएच ०९च्या एखाद्या गाडीकडे नजर टाका. २१४ असा आकडा ‘राम’ म्हणून वाचायला लावणारी पाटी तुम्ही पाहिली असेल, आणि ४१४१ची ‘दादा’ म्हणूनही. एकाच ४चा एकदा म होतो, एकदा द. डोळा अक्षर एकटं वाचत नाही, शेजाऱ्यांवरून ओळखतो. म्हणून फॉन्ट निवडताना नुसती वर्णमाला पाहून ठरवू नये. तुमचे खरे शब्द त्यात लिहून पाहावेत.

तेच आता करा. संगणकावर ‘कोल्हापूर’ लिहा, आधी मंगलमध्ये. हा फॉन्ट आयआयटी मुंबईत शिकवलेल्या र. कृ. जोशींनी घडवला. विंडोजमधून तो घरोघरी पोचला आणि असंख्य लोकांनी पडद्यावरची पहिली मराठी त्यातच वाचली. मग तोच शब्द ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मुक्त’ फॉन्टमध्ये लिहा. त्याची बारीकपासून जाडपर्यंत सात वजनं आहेत. सातही वजनं एकाखाली एक ठेवा आणि ‘क’चं पोट हळूहळू कसं लहान होत जातं ते पाहा. कुठल्या पायरीवर ते गुदमरतं? तुमच्या मजकुरासाठी त्याच्या एक पायरी आधी थांबा. मग ज्या आकारात छापायचं त्याच आकारात कागद काढा, भिंतीला लावा, आणि वाचणारा जितक्या अंतरावर असेल तितके मागे सरका. पत्रिकेसाठी हातभर, दुकानाच्या पाटीसाठी रस्त्याच्या पलीकडे.