जंताचा जीव

मी सांगलीकडचा जैन. घरी पाणी गाळून पितो आणि पोटासाठी बंगळुरूत येलहंक्याजवळच्या पागेत घोड्यांना जंताचं औषध देतो. आयव्हरमेक्टिनच्या एका पिचकारीत किती जीव जातात, ते मोजायच्या फंदात पडत नाही.

शास्त्रात उत्तर तयार आहे. घोडा पंचेंद्रिय, जंत द्वींद्रिय; गृहस्थाने सोडायची ती संकल्पी हिंसा, धंद्यातली उद्योगी हिंसा त्याला चुकत नाही. मला हे जरा सोयीचंच वाटतं. इथे तर पावलोपावली संकल्प लागतो! छातीचा घेर मोजून वजनाचा अंदाज घ्यायचा, किलोमागे 200 मायक्रोग्रॅम धरून सिरिंजवरची कडी फिरवायची, तोंडात गवत नाही ना ते बघायचं, पेस्ट जिभेच्या मुळाशी सोडायची, मग हनुवटी वर धरायची. आमची एक तांबूस घोडी ती गालात दाबून ठेवते. मोतद्दाराची पाठ वळली की सगळी भिंतीवर.

आता पशुवैद्य सांगतात, सरसकट औषध नको. लिदीतली अंडी मोजा, जास्त असतील त्यालाच द्या. औषधाला न जुमानणारे जंत वाढताहेत. साधे जंत थोडे शिल्लक राहिले, तरच औषध टिकेल. शिवाय लिदीतून उतरलेलं औषध शेणकिड्यांनाही बाधतं.

म्हणजे काही जंतांना अभय मिळालं, पण आमच्या गरजेपोटी. भाव पाहून कर्म बांधलं जातं, असं आम्ही मानतो. मग हे अभय माझ्या खात्यात जमा होतं का? मला नाही वाटत. जंतांना मात्र त्याने काही फरक पडत नाही.