चोराची कहाणी

ली बार्डुगोच्या ‘सिक्स ऑफ क्रोज’मधला (२०१५) काझ ब्रेकर चोर आहे, हातून खूनही झालेत, तरी तो सापडू नये असंच मला वाटतं. कारण त्याचं फसवलेलं बालपण, साथीत गेलेला भाऊ लेखिकेनं मला सांगितलाय.

इकडे लिंबागणेशच्या पंचक्रोशीत गावाबाहेर पालं पडली, की दारांना कुलपं लागतात. इंग्रजांच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मावरूनच माणसं चोर ठरवली. १९५२ साली कायदा गेला, कुलपं राहिली. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’त (१९८७) पोलिसांच्या झडत्यांतलं बालपण लिहिलं.

कहाणी ऐकल्यानं चोरी माफ होत नाही. पण न केलेल्या चोरीची शिक्षा तरी थांबते. काझला मिळतं तेवढं ऐकून घेणं पालातल्या पोरालाही मिळायला हवं.