काटकीचे सोंग आणि आपले सत्य

पावसाळ्यात वडोदऱ्याच्या सयाजीबागेत एखादी काटकी बोट लागताच चालू लागली, तर भिण्याचे कारण नाही. ती पतंगाची अळी होय. पाठीची कमान करून पुढे सरकणाऱ्या अशा अळीस आपण मराठी माणसे उंटअळी म्हणतो. आपले गुजराती शेजारी घोडिया इयळ म्हणतात. इतर अळ्यांना पोटाच्या मध्यभागी जे मांसल पाय असतात, ते हिच्या कुळात बहुधा नसतात. म्हणून ही जमीन मोजल्यासारखी चाल, आणि म्हणूनच कुळाचे शास्त्रीय नावही 'भूमापक' या अर्थाचे. मागच्या पायांनी फांदी घट्ट धरून ती ताठ राहिली, की पक्ष्यासही काटकीच वाटते.

यावरून कित्येकजण विचारतात : सृष्टीच जर फसविते, तर व्यवहारात माणसाने थोडे सोंग घेतले म्हणून काय बिघडले?

उत्तर याच कुळातील एका विलायती पतंगापाशी आहे. बिस्टन बेट्युलॅरिया हा मूळचा पांढुरका, काळ्या ठिपक्यांचा. १८४८ साली मँचेस्टरला त्याचा काळा नमुना आढळला. गिरण्यांच्या काजळीने झाडे काळवंडली. त्यांवर पांढरा पतंग पक्ष्यांच्या दृष्टीस पडे, काळा वाचे. १८९५ पर्यंत तेथे शेकडा सुमारे ९८ पतंग काळे झाले. १९५६ च्या कायद्यानंतर हवा हळूहळू निवळली आणि पांढरे पुन्हा वाढले.

यांत एकाही पतंगाने रंग पालटला नाही, पालटावा असे मनातही आणले नाही. जो जसा जन्मला तसा जगला किंवा भक्ष्य झाला. जेथे संकल्प नाही तेथे असत्य नाही; सत्याचे पुण्यही नाही. आपण मात्र तराजूमागे, सभेत, क्वचित देवळाच्या ओट्यावरही जे सोंग घेतो, ते जाणून घेतो.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने पतंगास गुरू केले, ते दिव्यावर झेपावणे शिकण्यासाठी नव्हे, टाळण्यासाठी. प्रत्येक गुरूचे अनुकरण करावयाचे नसते. पण या पतंगाचा आणखी एक धडा आम्हांस अधिक बोचतो. काळ्या पतंगाकडे दोष नव्हता. काजळी माणसाची होती. ज्या समाजात सोंग घेणाराच तगतो, तेथे सोंगाड्यास बोल लावण्यापूर्वी खोडावर काजळी कोणी धरविली, हे आपण प्रथम आपणांसच विचारावे.