तिसरें यंत्र

मोबाईल घरांत आहे, लॅपटॉपही आहे. मग टॅब्लेट घ्यावा कीं न घ्यावा? हा प्रश्न दिसावयास दुकानाच्या पायरीवरचा आहे, आणि तो या पानांवर आणून आम्ही वाचकांचा वेळ घेत आहों असें कोणास वाटल्यास त्यांत नवल नाहीं. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं हाच प्रश्न आमच्या घरीं उपस्थित झाला. त्याचें उत्तर आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें दिलें. आणि त्या उत्तरांत चूक कोठें होती हें उमगावयास आम्हांस फार काळ लागला. ती चूक हिशेबाची असती तर आम्हीं ती खासगींतच दुरुस्त केली असती. ती नीतीची होती, म्हणून येथें मांडण्याचें धाडस करीत आहों.

प्रथम या वस्तूची कुळकथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. पाटीएवढें, हातांत धरून वाचतां येईल असें संगणकयंत्र असावें ही कल्पना ॲलन के नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७२ सालीं एका निबंधांत सविस्तर मांडली. त्याच्या डोळ्यांपुढें मुलें होतीं, आणि त्या काल्पनिक यंत्रास त्यानें ‘डायनाबुक’ असें नांव दिलें होतें. पुढें २००१ सालीं बिल गेट्स यांनीं असें भविष्य वर्तविलें कीं, पांच वर्षांच्या आंत अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या संगणकांत हाच प्रकार सर्वांहून लोकप्रिय होईल. तें खरें ठरलें नाहीं. जानेवारी २०१० मध्यें स्टीव्ह जॉब्स यांनीं आयपॅड लोकांपुढें ठेविला, तेव्हां आरंभींच त्यांनीं जो प्रश्न केला तो आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. फोन आणि लॅपटॉप यांच्यामध्यें तिसऱ्या वस्तूस जागा आहे काय, असें विचारून त्यांनींच उत्तर दिलें कीं, कांहीं ठराविक कामांत ती त्या दोहोंहून पुष्कळच सरस असेल तरच तिला असण्याचें कारण आहे. ग्राहकाच्या मनांतली शंका विकणारानेंच आधीं बोलून दाखवावी हें चातुर्य खरें. पण तेवढ्यानें शंका मिटत नाहीं. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजीं केंद्र सरकारनें ‘आकाश’ नांवाचा सात इंची टॅब्लेट विद्यार्थ्यांकरितां मोठ्या गाजावाजानें प्रसिद्ध केला, तो मात्र वेगळ्या जातीचा. तो कशाच्या जोडीला घ्यावयाचा नव्हता. ज्याच्याजवळ कांहींच नाहीं त्याच्या हातीं पहिलें यंत्र द्यावें हा त्यामागील हेतु. तो उपक्रम पुढें बारगळला. परंतु ‘तिसरें कशाला?’ हा आक्षेप त्यावर कोणीं घेतला नसता. आमचा प्रश्न भरल्या घराचा आहे.

भरल्या घराच्या या विकाराचें निदान ॲडॅम स्मिथनें १७५९ सालींच, नीतिविचारांवरील आपल्या ग्रंथांत, करून ठेविलें आहे. तो म्हणतो, दिवसाकांठीं दोन मिनिटें मागें पडतें म्हणून एक शौकीन गृहस्थ आपलें घड्याळ दोन गिनींस विकून टाकतो, आणि पंधरवड्यांत मिनिटाहून अधिक न चुकणारें दुसरें पन्नास गिनी मोजून घेतो. पण त्यामुळें तो वेळेवर येऊं लागतो असें मुळींच नाहीं. त्याला वेळेची चाड नसते, वेळ दाखविणाऱ्या साधनाच्या नेटकेपणाची गोडी असते. असलीं खेळणीं बाळगतां यावींत म्हणून लोक अंगरख्यांना जास्तीचे खिसे शिवून घेतात, असेंही तो हंसत हंसत नमूद करतो. टॅब्लेटला वेगळा कळफलक जोडावयाचा, त्याला कातडी वेष्टण घालावयाचें, वर लिहावयाची लेखणी निराळी घ्यावयाची, आणि येणेंप्रमाणें किंमत व वजन या दोन्ही बाबतींत त्याचा अखेरीस लॅपटॉपच करून सोडावयाचा, असें करणारे आमचे कांहीं सहाध्यापक पाहिले म्हणजे आम्हांस त्या खिशांची हटकून आठवण होते.

स्मिथच्या या उपहासाला आपल्याकडील अपरिग्रहाची जोड देणें प्राध्यापकास अवघड नाहीं. योगसूत्रांतील पांच यमांत तो आहेच. आणि गांधीजींनीं १९३० सालीं येरवड्याच्या तुरुंगांतून आश्रमवासीयांस जीं पत्रें लिहिलीं त्यांत तर, ज्या वस्तूची आपणांस गरज नाहीं ती घेणें ही एक प्रकारें चोरीच होय, इथपर्यंत त्यांनीं मजल नेली आहे. एवढी शस्त्रसामग्री हाताशीं असतां आम्हीं काय उत्तर दिलें असेल हें वाचकांस सांगणें नको.

आमच्या मातोश्रींचें वय तेव्हां ८१ वर्षांचें होतें. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग झिजत जाण्याचा विकार त्यांस जडला होता. त्या विकारांत कडेकडेचें दिसतें, पण ज्यावर नजर रोखावी नेमकें तेंच पुसट होतें. चष्मा बदलून कांहीं साधत नाहीं. अक्षर मोठें करा, उजेड वाढवा, डोळ्याशीं धरा, एवढेंच डॉक्टरांनीं सांगितलें. मोठ्या टायपाच्या पोथ्या घरांत होत्याच. पण मातोश्री पोथीवर भागणाऱ्या नव्हेत. त्यांना सकाळचें वर्तमानपत्र अग्रलेखासकट लागे, दिवाळी अंक लागत, आणि नातवंडांनीं पाठविलेला मजकूर दुसऱ्याच्या तोंडून नव्हे तर स्वतःच्या डोळ्यांनीं वाचावयाचा असे. भिंग आणून दिलें; भिंगांत दोन शब्द मावत, आणि हात कांपला कीं तेही निसटत.

आमची धाकटी बहीण नाशकास असते. ती फोनवर म्हणाली, “दादा, आईला एक मोठा टॅब घेऊन दे. नाहीतर मी पाठवते.” आम्ही म्हणालों, “अगं, मोबाईल आहे, माझा लॅपटॉप आहे. आणखी तिसरं कशाला? अक्षर मोठं करायची सोय त्यांतही आहे.” यांत एकही वाक्य खोटें नव्हतें.

मोबाईलवर अक्षर त्यांस हवें तेवढें केलें म्हणजे ओळींत दोन शब्द राहत, क्वचित् एकच. मराठी वाक्याचें क्रियापद शेवटीं येतें. तेथवर पोहोंचेपर्यंत कर्ता केव्हांच वर निघून गेलेला असे. “अरे, अक्षर मोठं झालं, पण वाक्य हरवलं,” असें त्या एकदां म्हणाल्या. आम्हांस तो शब्दविलास वाटला. ती तक्रार होती. लॅपटॉपचा पडदा मोठा खरा, परंतु त्याच्यापुढें कळफलकाची वीतभर पडवी असते, आणि मातोश्रींना तर मजकूर चेहऱ्यापासून चार बोटांवर हवा. त्या कळफलकावर ओणव्या होत. हनुवटीखालीं एखादी कळ दबे आणि समोरचें पान नाहींसें होई. हें एकदां आमच्या देखत झालें आणि आम्ही हंसलों. त्याही हंसल्या. पुढें त्यांनीं लॅपटॉप मागितला नाहीं.

पडदा कर्णावर मोजण्याची जी रीत आहे ती फार फसवी आहे. साडेसहा इंचांचा मोबाईल आणि दहा इंचांचा टॅब्लेट, म्हणजे सुमारें दीडपट, असें ऐकणारास वाटतें. परंतु मोबाईल उंच व अरुंद असल्यामुळें क्षेत्रफळ काढल्यास तें जवळजवळ तिप्पट भरतें. आणि इतकें असून वजन सुमारें अर्धा किलो, म्हणजे जाडजूड पोथीहून कमीच. हें गणित शाळेंतल्या मुलासही येतें. आम्हीं तें केलें नाहीं, कारण तें करावें असें आम्हांस वाटलेंच नाहीं. आमचें उत्तर आधींच तयार होतें.

अशीं जवळजवळ दोन वर्षें गेलीं. २०२३ च्या दिवाळींत आमच्या कन्येनें मैत्रिणीचा टॅब्लेट कांहीं कामाकरितां दोन दिवस घरीं आणिला होता. आम्ही सायंकाळीं बाहेरून आलों तों मातोश्री खाटेवर उताण्या पडून, तें यंत्र नाकाशीं धरून, दिवाळी अंकांतली एक कथा वाचीत होत्या. आमची चाहूल लागतांच त्या म्हणाल्या, “अरे, ह्यांत जोडाक्षरंसुद्धा दिसतात.” बस्स, एवढेंच. दोन वर्षांचा उल्लेख त्यांनीं केला नाहीं. दुसऱ्याच आठवड्यांत आम्हीं टॅब्लेट आणला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत, म्हणजे आठ-नऊ महिने, त्यांनीं त्यावर वाचलें. मग विकार इतका वाढला कीं कोणतेंच अक्षर त्यांच्यापर्यंत पोहोंचेना.

आतां आमची चूक कोणती? ‘घरांत आहे’ या दोन शब्दांत ती दडलेली होती. मोबाईल आमच्या खिशांत असे. लॅपटॉप सकाळीं आमच्याबरोबर कॉलेजांत जाई व सायंकाळीं आमच्याबरोबर परत येई. ‘घरांत आहे’ याचा अर्थ ‘आमच्याजवळ आहे’ एवढाच होता. वस्तु मोजल्या तर तिसरी जास्तीची होती. माणसें मोजलीं असतीं तर एका माणसाजवळ एकही नव्हती. अपरिग्रह हें व्रत आहे आणि व्रत ज्याचें त्यानें करावयाचें असतें. एकादशी आपण करावी आणि उपाशी दुसऱ्यास ठेवावें, असा हा आमचा अपरिग्रह होता. गांधीजींची व्याख्या कितीही कडक असली तरी तींत ‘आपणांस गरज नाहीं’ असे शब्द आहेत. ‘आपल्या आईला गरज नाहीं असें आपणांस वाटतें’ असे नाहींत. आमच्या अभ्यासिकेंत, घेतल्यापासून पानेंही न फाडलेलीं अशीं पुस्तकें तीन फळ्या भरून आहेत. तीं विकत घेतांना आम्हांस ना स्मिथ आठवला ना योगसूत्र. कारण तो परिग्रह प्रतिष्ठित आहे, आणि आमचा आहे.

कोणी असें म्हणेल कीं, या विचारसरणीनें घरांतल्या प्रत्येकास वेगळें यंत्र द्यावें लागेल, आणि एका छपराखालीं चौघे चार पडद्यांत तोंड घालून बसतील. हा आक्षेप खोटा नाहीं. जेवतांना रडूं नये म्हणून तीन वर्षांच्या पोरापुढें टॅब्लेट उभा करणारीं घरें आम्ही पाहतों, आणि त्याला गरज म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं. पण त्याचा उपाय वस्तूंची संख्या ठरवून ठेवणें हा नव्हे. कोण, केव्हां, काय करणार, आणि तें आज त्याच्या हातीं असलेल्या साधनानें कां होत नाहीं, इतकें विचारलें म्हणजे पुष्कळसा निकाल लागतो. गणितें हातानें सोडविणारा विद्यार्थी, छापील पानांचीं चित्रें जशींच्या तशीं वाचावीं लागणारा संशोधक, स्वरलिपि पुढें ठेवून वाजविणारा वादक, यांना टॅब्लेट खरोखर कामाचा आहे. ज्यांना तीच करमणूक थोडी मोठी दिसावयास हवी त्यांनीं मोबाईल थोडा जवळ धरावा.

शिवाय एक गोष्ट आमच्या वर्गाच्या ध्यानांत येत नाहीं. आमची काटकसर दोन पायांवर चालते: एक, घेऊं नये, आणि दुसरा, घेतल्यास जपून ठेवावें. तांब्यापितळेचीं भांडीं माळ्यावर वीस वर्षें राहिलीं तरी कल्हई लावून पुन्हां चुलीवर चढतात, आणि मोडींत घातलीं तरी पैसा येतो. टॅब्लेटची जात तशी नव्हे. त्यांतील लिथियम-आयन बॅटरी न वापरतांही झिजते. पूर्ण उतरलेल्या स्थितींत कपाटांत महिनोन्महिने पडली तर ती पुन्हां चार्ज होईलच अशी खात्री नसते. पुढें कंपनी नव्या सुधारणा पाठविणें बंद करते, आणि यंत्र धडधाकट असून निरुपयोगी होतें. युरोपीय संघानें २० जून २०२५ पासून फोन व टॅब्लेट यांस नियम लागू केला आहे, त्यांत विक्री थांबल्यानंतरही निदान पांच वर्षें सुधारणा व सात वर्षें सुटे भाग मिळाले पाहिजेत अशी अट आहे. अशी अट घालावी लागली यावरूनच काय तें समजावें. २०२२ या एका सालांत जगांत विद्युत् उपकरणांचा सुमारें ६ कोटी २० लाख टन कचरा निघाला, आणि रीतसर गोळा होऊन त्याची विल्हेवाट लागल्याची नोंद चतुर्थांशाचीही नाहीं. तेव्हां ‘असूं दे, कधीं तरी उपयोगीं पडेल’ हें जें आमच्या आजोबांचें शहाणपण, तें या वस्तूच्या बाबतींत शुद्ध उधळपट्टी आहे. ती वापरांत असली तरच घरांत असावी.

हें सर्व लिहीत असतां तो टॅब्लेट मातोश्रींच्या खाटेजवळ स्टुलावर आहे. तो मराठी मजकूर मोठ्यानें वाचूनही दाखवितो, दोन दिवस ऐकून त्या म्हणाल्या, “ही बाई श्वासच घेत नाही रे.” तेव्हांपासून आमची कन्या सायंकाळीं अर्धा तास त्यावरून त्यांना वाचून दाखविते. यंदा ती वास्तुशास्त्राच्या वर्गांत दाखल झाली आहे, तेथें तिला रेखाटनांकरितां टॅब्लेट हवा आहे, आणि नवा मागण्याइतकी ती अविचारी नाहीं. आजीला वाचून दाखविणें तिला मोबाईलवरूनही जमेल. मातोश्रींनीं तर कधींच सांगून टाकलें आहे, “घेऊन जा गं, मला काय त्याचं आता.” आम्हीं वर जी कसोटी सांगितली तिनें पाहिल्यास उत्तर उघड आहे. परंतु रोज सकाळीं चहा झाल्यावर मातोश्री एकदां तो मागून घेतात, पूर्वींसारखा नाकाशीं धरतात, थोडा वेळ तसाच ठेवतात, आणि कांहीं न बोलतां परत देतात. कन्या आमच्याकडे पाहते. आम्हीं अद्याप कांहींच सांगितलेलें नाहीं.