दार उघडलं की थांबायचं

मे महिन्यात नाशिकला घरी गेलो, तेव्हा फ्रिजच्या दारातून बर्फ पडणं बंद झालं होतं. लिव्हर दाबला की आत मोटर नुसती घुंघुं करायची, ग्लास रिकामाच. हा फ्रिज मी पहिल्या बोनसमधून घेतलेला, म्हणून तो बिघडलाय हे सांगायचाही आईला संकोच. "एवढा बर्फ लागतो कुणाला," हेच तिचं पालुपद.

कंपनीचा मुलगा आला, माझ्याच वयाचा. दोन मिनिटं पाहून म्हणाला, "सर, आख्खा डिस्पेन्सर बदलावा लागेल. साडेआठ हजार."

"दादा, पण आत नेमकं गेलंय काय?"

"आतलं खोलायची परमिशन नाही आम्हाला."

आईने दिलेलं पन्हं पिऊन तो गेला. मी चिडून स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागलो.

दोष किरकोळ निघाला. बर्फ जिथून ग्लासात पडतो, त्या वाटेच्या तोंडाशी छोटी झडप असते. तिची स्प्रिंग निसटली होती. झडप नीट मिटत नव्हती, बाहेरच्या हवेतला ओलावा आत शिरत होता आणि डब्यातले तुकडे एकमेकांना चिकटून त्यांचा दगड झाला होता. तो ढकलणं आतल्या मळसूत्री दांड्याला झेपत नव्हतं. प्लग काढला, डबा कोमट पाण्याखाली धरला, चिमट्याने स्प्रिंग बसवली. दोन तास गेले, खर्च शून्य.

मग प्लग लावून, दांडा फिरताना बघावा म्हणून फ्रीझरचं दार उघडं ठेवलं आणि लिव्हर दाबला. ढिम्म. काहीतरी तोडलं वाटतं, म्हणून पोटात गोळा आला. मग लक्षात आलं: दाराला स्विच असतो. दार उघडलं की मोटर थांबते, नाहीतर कुणाची तरी बोटं जायची.

या स्विचनेच माझा राग बिघडवला. कारण मी स्वतः घरगुती उपकरणांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. गेल्याच महिन्यात मी एक अट लिहिली: फिल्टरमध्ये आमची चिप नसेल, तर मशीनने पाणी द्यायचं नाही. तिकिटावर कारण होतं 'सुरक्षितता'. दाराच्या स्विचमागचं कारणही तेच. कोडमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, एक 'इफ' आणि एक नकार. एक बोटं वाचवतो. दुसरा काय वाचवतो, हे मी विचारलंच नव्हतं.

मी स्वतःपुरती एक कसोटी लावून पाहिली. नकाराचं खरं कारण आईला समजावून सांगितलं, तर ती "बरोबर आहे" म्हणेल का? स्विचला म्हणेल. चिपला? बाजारातला स्वस्त फिल्टर कळकट असेल, तर तिला त्रास होईल, हे खोटं नाही. नुसता इशारा दाखवावा, तर तो इंग्रजीत, बारीक अक्षरांत, आणि चष्मा देवघरात. म्हणजे मॅनेजर अगदीच थापा मारत नाही. पण मग चांगला पण दुसऱ्या कंपनीचा फिल्टरही का अडवायचा? इथे माझ्याकडे उत्तर नाही, फक्त पगार आहे.

कायदे हळूहळू इकडे वळतायत. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2024 पासून, 100 डॉलर किंवा जास्त किमतीच्या उपकरणांचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती, मॉडेलचं उत्पादन थांबल्यावरही 7 वर्षं द्यावी लागते. पण कायदा येईपर्यंत ती अट कुणीतरी लिहितच असतो, आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा माझ्यासारखा, शुक्रवारी संध्याकाळी तिकीट बंद करायच्या घाईतला असतो.

सोमवारी मी तिकीट पुन्हा उघडलं. लिहिलं: पाणी अडवू नका, इशारा मराठीत बोलून द्या. मॅनेजरने अंगठ्याची इमोजी टाकली. पुढे काही नाही.

त्या मुलाला फोन करून स्प्रिंगबद्दल सांगावं, असं दोनदा मनात आलं. केला नाही. त्याला ते पहिल्या दोन मिनिटांतच दिसलं असावं.