सुपारी, हळद आणि पानपिंपळी

वऱ्हाडात पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या पन्नीत खर्रा घोटला जातो: सुपारी, तंबाखू, चुना. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. खर्ऱ्याला मात्र कारखाना लागतच नाही. खाणाऱ्याला आधी तिखट सोसेनासे होते, मग गालाच्या आतून पांढरे, ताठ पट्टे लागतात आणि एक दिवस तोंडात तीन बोटे उभी मावत नाहीत. १९५२ साली श्वार्त्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये हा आजार नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईत जोशींनी.

यात बाहेरून काही साचत नाही, ही खरी विचार करायला लावणारी गोष्ट. जखम सांधणारे कोलॅजेन शरीराचेच असते. सुपारीतले अरेकोलिन ते विणणाऱ्या पेशींना डिवचत राहते आणि तिच्यातले तांबे धाग्यांना धागे जखडणाऱ्या विकराला बळ देते. दुरुस्ती थांबतच नाही. स्क्लेरोडर्मा या आजारात सुपारीविनाच त्वचा आणि फुप्फुसे अशी कडक होतात.

वनस्पतीने केलेले वनस्पतीनेच सोडवावे, हा मोह मोठा. हळदीतले कर्क्युमिन १८१५ साली वेगळे काढले गेले. प्रयोगशाळेत ते टीजीएफ-बीटा या तंतू वाढवणाऱ्या संदेशाला आवर घालते. तोंडाच्या आजारावरच्या छोट्या चाचण्यांत जळजळ कमी झाली, जबडा काही मिलिमीटर जास्त उघडला. तेवढ्यावर हुरळू नये; जुना ताठ पट्टा हळदीने विरघळत नाही, आणि खर्रा चालू असेल तर बोलणेच खुंटले. स्क्लेरोडर्मात तर पुरावा मुख्यतः पेशी आणि उंदरांपुरताच.

शिवाय हळद पोटात जाते, रक्तात फारशी उतरत नाही. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिले, तेव्हा रक्तात पोचणारे प्रमाण सुमारे वीसपट झाले. पायपरिन मिऱ्यात असते, तसेच पानपिंपळीतही, जी अंजनगाव सुर्जी आणि अकोटकडची बारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या लावत आली आहेत. ही नागवेलीचीच सख्खी बहीण. पानमळा राखणारे हात तेच.

पण पायपरिन हे साधते ते यकृताचे आणि आतड्याचे निचरा करण्याचे काम मंदावून. तो अडसर एकट्या हळदीसाठी नसतो. फिटवरच्या फेनिटोइनसारखे औषधही मग रक्तात जास्त साचते. म्हणून हळद-मिऱ्याची कॅप्सूल ‘झाडपाल्याचीच तर आहे’ म्हणत घेणाऱ्याला डॉक्टरने आधी विचारावे, बाकी गोळ्या कोणत्या चालू आहेत?